यम गप्प का बसतो?

वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्यातल्या ग्रंथवाचनाच्या काळातल्या, एका रविवारी आमच्या विहारात ग्रंथवाचन संपल्यावर थायलंडची सहल करून आलेल्या एका काकांनी मोबाइलवरचे फोटो दाखवायला काढले. बँकॉक झालं, सोन्याचा मुलामा दिलेल्या मूर्ती झाल्या आणि मग बांग सेन गावच्या वांग सेन सुक विहारातली नरकबाग आली. सिमेंटची, भडक रंगवलेली माणसं. कुणाला करवतीनं कापतायत, कुणाला काट्यांच्या झाडावर चढवतायत, कुणाला उकळत्या कढईत घातलंय. मोबाइल हातोहात फिरत होता. तो दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाच्या हातात गेला. त्याचे वडील यंत्रमागावर होते, पीत होते आणि दीड वर्षापूर्वी गेले. त्यानं कढईचा फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि खालच्या आवाजात आईला विचारलं, "दारू पिणाऱ्यांना ह्यात टाकतात का?"

त्याला कुणी उत्तर दिलं नाही, कारण तोवर मोठ्यांचं भांडण सुरू झालं होतं. एक गट म्हणाला, हे सगळं पुराणातलं घुसडलेलं आहे, आपल्या धम्मात नरकबिरक काही नाही, ते फोटो आधी पुसून टाका. दुसरा गट म्हणाला, त्रिपिटकातच, म्हणजे बौद्धांच्या मूळ ग्रंथसंग्रहातच आहे, आणि असू द्या, भीती नसेल तर पंचशील पाळणार कोण? पुढच्या आठवड्यात शाळेत एका सहकारी शिक्षकांच्या कानावर हे गेलं, तर त्यांनी तिसरंच टोक धरलं: मग गरुडपुराणात आणि तुमच्यात फरक काय राहिला? दोन आठवडे मोबाइलवर हे चालू होतं. एवढ्या काळात एकानंही मूळ सुत्ताचं, म्हणजे उपदेशाच्या मूळ पाली पाठाचं, एक पान उघडून त्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवलं नाही, याचा मला राग आला आहे आणि म्हणून हा लेख.

माझं म्हणणं आधीच सांगते. पाली साहित्यातली नरकाची वर्णनं लपवू नयेत, फाडून टाकू नयेत आणि मुलांना घाबरवायला तर मुळीच वापरू नयेत. ती वाचावीत, मोठ्यांनी एकत्र बसून वाचावीत आणि त्यांच्याशी वाद घालावा. त्यांत असं एक सूत्र आहे जे या देशातल्या शिक्षेच्या कल्पनेला मुळातून धक्का देतं: माणसाचा जाब त्याच्या जन्मावरून विचारायचा नाही, त्याच्या करणीवरून विचारायचा. हे सूत्र त्या वर्णनांत सगळीकडे सारखं सांभाळलेलं नाही. काही ठिकाणी ते उघड मोडलेलंही आहे, आणि तेही वाचलं पाहिजे.

मज्झिम निकाय या त्रिपिटकातल्या सुत्तसंग्रहात १३० वं सुत्त आहे, देवदूत सुत्त. मेलेल्या माणसाला धरून यमापुढे उभं करतात. इथं आपल्या डोळ्यांपुढे जे येतं ते सगळं आधी बाजूला ठेवायला हवं. चित्रगुप्त नाही, वही नाही, साक्षीपुरावा नाही. यम फक्त विचारतो: माणसांत असताना तुला देवदूत दिसले नाहीत का? तो म्हणतो, नाही दिसले. मग यम एकेक करून सांगतो. स्वतःच्याच मलमूत्रात उताणं पडलेलं तान्हं मूल पाहिलं नव्हतंस? वाकलेली, काठी टेकत थरथरत चालणारी म्हातारी? दुसऱ्यानं उचलून बसवावं लागतं असा आजारी? राजानं पकडून हालहाल करून मारलेला चोर? दोन-तीन दिवसांचं फुगलेलं प्रेत? प्रत्येक वेळी माणूस कबूल करतो: पाहिलं होतं, पण गाफील राहिलो. आणि प्रत्येक वेळी यम तेच सांगतो: हे पापकर्म तुझ्या आईनं केलेलं नाही, बापानं नाही, भावानं नाही, बहिणीनं नाही, मित्रांनी, नातेवाइकांनी, श्रमण-ब्राह्मणांनी, देवांनी केलेलं नाही. ते तूच केलंस, त्याचं फळही तूच भोगशील. पाचवा प्रश्न संपला की यम गप्प बसतो.

हा गप्प बसणारा यम मला फार महत्त्वाचा वाटतो. तो निकाल देत नाही. त्याला राग आलेला नाही, त्याची खुशामत करता येत नाही, त्याच्यापर्यंत वशिला पोचत नाही, कारण त्याच्या हातात काही नाहीच. प्रश्न कशाबद्दल आहेत तेही बघा. कुठला उपास मोडला, कुणाच्या हातचं पाणी प्यायलास, कुणाची दक्षिणा चुकवलीस, यातलं काहीही विचारलेलं नाही. विचारलंय ते इतकंच, की समोर दिसत होतं ते तू पाहिलंस का आणि पाहून तुझ्यात काही हललं का. कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या आवारात एक दुपार काढली तर हे पाचही देवदूत दिसतात. बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर पालथं-उताणं करत ठेवलेली बाळं, केसपेपरच्या रांगेत भिंत धरून उभ्या म्हाताऱ्या, सलाइनची बाटली स्वतःच्याच हातात उंच धरून चाललेला आजारी, दोन पोलिसांच्या मध्ये बेडी घालून तपासणीला आणलेला कैदी आणि मागच्या बाजूला शवागाराच्या दारात बसून राहिलेले नातेवाईक. देवदूत म्हणजे एवढंच. ज्यानं हे सुत्त रचलं त्यानं नरकाचा दरवाजा जमिनीखाली नाही, माणसाच्या दुर्लक्षात बसवला.

आता पहिल्या गटाचं म्हणणं घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. प्रश्नोत्तरांनंतर त्याच सुत्तात तापलेल्या लोखंडी खुंट्या हातापायांत आणि छातीत ठोकणं, कुऱ्हाडीनं तासणं, लोखंडी हंडीत उकळणं हे सगळं येतं. संजीव, कालसूत्र, रौरव, तापन, अवीची ही नावं बौद्ध यादीत आहेत आणि त्यांतली बरीचशी, थोड्या फरकानं, मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातल्या २१ नरकांतही आहेत. म्हणजे दोन्हीकडे एकाच काळाची, एकाच भूमीची कल्पनाशक्ती काम करत होती. 'आपल्यात हे नाहीच' असं म्हणणं खोटं आहे आणि खोट्यावर उभी राहिलेली चळवळ समोरच्यानं एक पान उलगडलं की कोसळते. पण नावं सारखी असली म्हणून गुन्हे सारखे होत नाहीत. मनुस्मृतीच्या त्याच अध्यायात ब्राह्मणाला मारायला नुसता हात उगारणारा द्विज १०० वर्षं तामिस्र नरकात भटकतो. देवदूत सुत्तात असं वर्णावर ठरलेलं एकही कलम नाही. तुरुंगाच्या भिंती सारख्या दिसतात, पण आत कुणाला आणि कशासाठी टाकलंय हे बघायचं की नाही?

या यातना आल्या कुठून याचं उत्तर बौद्ध साहित्यातच आहे. महादुक्खक्खन्ध सुत्तात राजाच्या शिक्षांची यादी आहे: चाबकाचे, वेताचे फटके, हातपाय तोडणं, नाककान कापणं, अंगाला तेलाची चिंधी गुंडाळून पेटवणं, जिवंतपणी सुळावर देणं. बालपंडित सुत्तात तर हीच यादी आधी येते आणि नरकाचं वर्णन तिच्या मागोमाग. नरकाचा नकाशा राजवाड्याच्या चौकातून काढलेला आहे. जे राजा माणसांना करत होता ते पाहिलेल्या लोकांनी नरकाचं चित्र रंगवलं. शिक्षा झाली म्हणजे न्याय झाला असं नसतं, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. १९३० साली या शहरावर मार्शल लॉ लादला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी झाली. सरकारी कागदावर तीही गुन्ह्याची शिक्षाच होती.

म्हणूनच अशोकावदान या सम्राट अशोकाच्या दंतकथांच्या बौद्ध ग्रंथातली एक कथा मला पुनःपुन्हा आठवते. राज्यावर नवा आलेला क्रूर अशोक चंडगिरिक नावाच्या जल्लादाला बाहेरून अतिशय सुंदर दिसणारा तुरुंग बांधून देतो. आत गेलेला जिवंत बाहेर येणार नाही अशी अट. चंडगिरिक विहारात जातो, तिथं एक भिक्खू बालपंडित सूत्र म्हणत असतो, नरकाच्या यातना एकेक करून येतात आणि हा माणूस त्या पाठ करून घेतो. मग त्या तुरुंगात तो त्याच यातना माणसांना देतो. पुढे समुद्र नावाच्या भिक्खूला कढईत टाकतात, आग लागत नाही, अशोक बघायला येतो, बदलतो आणि तो तुरुंग पाडून टाकतो. पण पाडण्याआधी चंडगिरिकाला त्याच्याच यातनागृहात जाळलं जातं, हेही कथेत आहे. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे, तरी फाहियान आणि ह्युएनत्संग या दोघाही चिनी यात्रेकरूंनी 'अशोकाच्या नरकाची' जागा नोंदवली आहे. बौद्धांनी स्वतःच सांगितलेली ही गोष्ट आहे, की नरकाचं वर्णन चुकीच्या माणसाच्या कानावर पडलं तर तो त्यातून उपदेश घेत नाही, कामाची पद्धत शिकतो. 'भीती असू द्या' म्हणणाऱ्या आमच्या दुसऱ्या गटाला याहून स्पष्ट इशारा कुठला हवा?

इतिहासातला अशोक या कथेच्या शेजारी ठेवून बघावा आणि त्यासाठी आपल्याला पाटण्याला जावं लागत नाही. पंढरपुरात चंद्रभागा म्हणवणारी आपली भीमा सोलापूर जिल्हा ओलांडून कर्नाटकात जाते आणि कलबुर्गी जिल्ह्यात तिच्या काठी सन्नती लागतं. तिथल्या चंद्रलांबा मंदिराच्या आवारात १९८० च्या दशकात अशोकाचा शिलालेख सापडला. देवीच्या मूर्तीखालचं पीठ म्हणून तो दगड वापरलेला होता. त्यावर कलिंगासाठीचे म्हणून ओळखले जाणारे दोन वेगळे लेखही आहेत. त्यांत राजा अधिकाऱ्यांना सांगतो की सर्व माणसं माझी लेकरं आहेत, आणि बजावतो की कुणाला विनाकारण बंदिवास किंवा छळ होऊ नये, मत्सर, राग, निष्ठुरपणा, घाई आणि आळस यांपासून न्याय करणाऱ्यानं स्वतःला जपावं. दिल्लीच्या स्तंभलेखात मरणाची शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली आहे. फाशी त्यानं रद्द केली नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण नरकाचं भय प्रजेला दाखवण्याऐवजी शिक्षा देणाऱ्या हातालाच त्यानं जाब विचारला. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, याच भीमेच्या काठी.

आता सर्वांत अवघड मुद्दा. आमच्या पहिल्या गटातल्या कुणी तो मांडला नाही, पण त्यांच्या बाजूनं मांडता येण्यासारखा सर्वांत जबरदस्त मुद्दा हाच आहे. ज्या बालपंडित सुत्तात नरक आहे, त्यातच आंधळ्या कासवाची प्रसिद्ध उपमा आहे: समुद्रात जू तरंगतंय, १०० वर्षांनी एकदा वर येणाऱ्या आंधळ्या कासवाची मान त्याच्या भोकात अडकणं जितकं दुर्मीळ, त्याहून नरकात गेलेल्या मूढाला पुन्हा मनुष्यजन्म मिळणं दुर्मीळ. ही उपमा आपण प्रवचनांत ऐकतो आणि तिथंच थांबतो. पुढचं वाक्य असं आहे, की मिळालाच मनुष्यजन्म तर तो चांडाळ, निषाद, वेणुकार, रथकार, पुक्कुस अशा हीन कुळात, दारिद्र्यात मिळतो. चूळकम्मविभंग सुत्तातही गर्विष्ठपणाचं फळ म्हणून हलक्या कुळातला जन्म सांगितला आहे. म्हणजे बांबूच्या टोपल्या विणणाऱ्याचं घर हे मागच्या पापाची निशाणी. ज्या समाजानं शतकानुशतकं हेच ऐकून घेतलं, त्यानं हे वाचून पुस्तक मिटून ठेवलं तर त्याला दोष कसा द्यायचा? मी स्वतः ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर अस्वस्थ होते.

यावर 'तसं नाही हो, अर्थ वेगळा आहे' असं म्हणून वेळ मारून नेणं मला मान्य नाही. अर्थ तोच आहे. पण त्याच परंपरेनं याच्या नेमकं उलट काय म्हटलंय तेही तितक्याच मोठ्यानं वाचलं पाहिजे. अस्सलायन सुत्तात बुद्ध तरुण ब्राह्मणाला विचारतात: हत्या, चोरी, खोटं बोलणं यांमुळे क्षत्रिय, वैश्य, शूद्रच नरकात जातात आणि ब्राह्मण जात नाही असं आहे का? त्याला कबूल करावं लागतं, की चारही वर्ण जातात. मधुरा सुत्तात बुद्धांचे शिष्य महाकच्चान मथुरेच्या राजाला विचारतात, क्षत्रियानं घरफोडी केली तर तू काय करशील? राजा म्हणतो, शिक्षा करीन, कारण त्याचं 'क्षत्रिय' हे नाव गेलं, आता तो फक्त चोर. हे वाक्य मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायाशेजारी ठेवा, जिथं ब्राह्मण सर्व पापांत बुडालेला असला तरी राजानं त्याला मारू नये असं सांगितलंय आणि द्विजाला शिव्या देणाऱ्या शूद्राची जीभ छाटायला सांगितली आहे. वसल सुत्तात चांडाळकुळात जन्मलेला मातंग ब्रह्मलोकाला जातो आणि वेदपाठी घराण्यातले ब्राह्मण पापकर्मांमुळे दुर्गतीला जातात. जन्म त्यांना वाचवू शकत नाही, असे तिथले शब्द आहेत. आपल्या समाजात नरक नेहमी वरून खाली ढकलला गेला. इथं तो पहिल्यांदा सगळ्यांसमोर एकाच उंचीवर ठेवला गेला.

मग दोन परस्परविरोधी वचनांतून निवड कशी करायची? यासाठीची कसोटी बाबासाहेबांनी दिलेली आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते सांगतात, की बुद्धवचनं शेकडो वर्षं तोंडी जपली गेली, त्यात चुकीची नोंद होत गेली आणि कर्म व पुनर्जन्म या विषयांत ती विशेष झाली. बुद्ध बुद्धिनिष्ठ होते, तर्काला धरून बोलत होते आणि माणसाच्या कल्याणाशी संबंध नसलेल्या चर्चेत पडत नव्हते. जे या कसोटीला उतरेल ते त्यांचं म्हणून घ्यावं. ही कसोटी लावायची तर आधी सगळं समोर मांडावं लागतं. नको ते पान फाडून टाकणाऱ्याला कसोटीची गरजच पडत नाही.

जन्मावरून गुन्हेगार ठरवणं म्हणजे काय, हे सोलापूरला पुस्तकातून शिकायची गरज नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे अशाच कायद्याखाली या शहरात तारेचं कुंपण घालून सेटलमेंट उभी राहिली. माणूस जन्माला आला की चोर, बाहेर जायचं तर परवानगी, हजेरी चुकली की शिक्षा. कुंपणातली माणसं गिरण्यांमध्ये राबली, शहर वाढलं, आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यांना 'विमुक्त' म्हटलं गेलं. सेटलमेंट हे नाव मात्र अजून शहराच्या तोंडी आहे. त्या कुंपणाच्या दारात यमाचं ते वाक्य ठेवून बघा: हे कर्म तुझ्या आईनं केलेलं नाही, बापानं केलेलं नाही. कायद्यानं नेमकं उलट म्हटलं होतं, की तुझ्या आईबापानं जे केलं असेल ते तूही करणारच. विसाव्या शतकातल्या राज्यकर्त्यांना जे कळलं नाही ते पाली भाषेतल्या यमाला कळत होतं. हे वाक्य फेकून द्यायचं? आणि याच वाक्याचा आधार घेऊन हीन कुळाबद्दलचं ते दुसरं वाक्य नाकारायची मोकळीक आपल्याला मिळते, हे कसं विसरायचं?

भीतीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचाही एक मुद्दा मान्य करते. भीतीनं काही माणसं खरंच थांबतात. माझ्या आजीच्या खोलीत गड्ड्याच्या यात्रेत घेतलेलं 'करणी तशी भरणी'चं चित्र काचेत लावलेलं होतं आणि ती मापात कधी चुकली नाही. पण भीती एकदा बाजारात आली की तिची किल्ली कुणाच्या तरी हातात जाते. युरोपात पापमुक्तीची पत्रं विकली जात होती, त्याविरुद्ध १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर उभा राहिला. बौद्ध देशही यातून सुटले नाहीत. चीनमध्ये रचलेल्या एका बनावट सूत्रानं बाळंतपणाच्या आणि पाळीच्या रक्तासाठी बायकांना रक्ताच्या तळ्याच्या नरकात टाकलं. ते सूत्र जपानभर पसरलं आणि त्या नरकातून सुटण्यासाठीचे विधीही त्याच्याबरोबर आले. मूल जन्माला घातलं म्हणून नरक! बुद्धाच्या नावावर हे खपलं, कारण आधी भीती तयार होती. पाली धम्मपदातला निरयवग्ग, म्हणजे नरकाबद्दलचा भाग, मात्र कुणाला घाबरवतो ते बघा. ३०७ वी गाथा म्हणते, गळ्यात काषाय वस्त्र असलेले पुष्कळ पापी, असंयमी लोक नरकात जातात. ३०८ वी म्हणते, दुराचारी राहून लोकांनी दिलेलं अन्न खाण्यापेक्षा आगीसारखा तापलेला लोखंडाचा गोळा गिळलेला बरा. इथं बोट चीवर घालणाऱ्याकडे आहे. लोकांच्या दानावर, लोकांच्या पैशावर जगणाऱ्या प्रत्येकानं, पगारी शिक्षकांनीसुद्धा, ही गाथा स्वतःला लावून बघावी.

बुद्धांनी स्वतः भीतीच्या उपदेशावर काय म्हटलंय? संयुत्त निकाय या दुसऱ्या सुत्तसंग्रहात असिबंधकपुत्त नावाचा गावप्रमुख येतो. तो सांगतो, आमचे गुरू शिकवतात की हत्या करणारा प्रत्येक जण नरकात जाणारच. बुद्ध म्हणतात, अशा गुरूवर श्रद्धा ठेवणाऱ्याच्या मनात येतं, 'मी हत्या केली आहे, म्हणजे मी नरकातच चाललो', आणि हा समजच त्याला तिकडे घेऊन जातो. त्याऐवजी केलेलं चुकलं हे ओळखावं, नुसतं तळमळत बसल्यानं ते न केलेलं होणार नाही हेही ओळखावं, ते सोडावं आणि मनात मैत्री वाढवावी. बदलायची वाट बंद करणारा उपदेश हाच धोका आहे, हे यापेक्षा सरळ कसं सांगणार? बौद्ध नरक संपतो, याचंही महत्त्व इथं आहे. कोकालिक सुत्तातली नरकवासाची मुदत भयंकर आहे: गाडीभर तिळांतून १०० वर्षांनी एक दाणा काढायचा, तरी ती गाडी आधी रिकामी होईल. याला दया म्हणता येणार नाही. पण गाडी रिकामी होते. कर्म संपेपर्यंतच, त्यापुढे नाही, हे देवदूत सुत्त पुनःपुन्हा सांगतं.

'हे खरंच आहे का, की नाही?' या एकाच प्रश्नावर आमची मंडळी अडून बसली होती. बौद्धांनी हा प्रश्न आपल्याहून फार आधी आणि फार चांगला विचारला आहे. मिलिंद या ग्रीक राजानं नागसेन भिक्खूला टोकलं, की नरकाच्या आगीत दगड विरघळतो म्हणता, मग प्राणी कसे टिकतात? कथावत्थू या बौद्ध पंथांमधल्या वादांच्या ग्रंथात नोंद आहे, की नरकाचे पहारेकरी मुळात नसतातच, पापकर्मच तसं रूप घेतं, असं आंध्रक पंथाचे लोक मानत. पाली परंपरेच्या थेरवाद्यांनी ते खोडून काढलं. पुढे वसुबंधू या बौद्ध तत्त्वज्ञानं 'विंशतिका' या ग्रंथात तोच धागा उचलला: पहारेकरी खरे असते तर त्या आगीत तेही होरपळले असते, म्हणजे ते पाप्यांच्या कर्मातून त्यांच्याच मनाला दिसतात. मतं पटोत न पटोत, पण हे लोक एकमेकांना 'फोटो पुसा' म्हणत नव्हते. संयुत्त निकायात तर बुद्ध म्हणतात, समुद्रात अथांग पाताळ आहे असं अज्ञानी माणूस बोलतो ते नसलेल्या गोष्टीबद्दल बोलतो, पाताळ हे शरीराला होणाऱ्या दुःखद वेदनांचं नाव आहे. पाताळ आणि निरय हे शब्द वेगळे आहेत आणि निरय नाही असं ते इथं म्हणत नाहीत, हे मला माहीत आहे. पण दिशा कळते.

माझ्या शेजारी विड्या वळणाऱ्या एक मावशी आहेत. पाला कापून कापून बोटांच्या पेरांना भेगा, तंबाखूच्या धुळीनं रात्रभर खोकला. त्यांना घरातल्याच कुणीतरी सांगितलं होतं, मागच्या जन्मीचं काहीतरी असेल. मोलियसीवक नावाच्या परिव्राजकानं, म्हणजे भटक्या संन्याशानं, बुद्धांना हेच विचारलं होतं, की जे काही भोगावं लागतं ते सगळं पूर्वकर्मामुळे का? बुद्धांनी पित्त, कफ, वात, त्यांचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला घात अशी कारणं मोजली आणि कर्मविपाक शेवटी, आठवा, एकच. सगळं पूर्वकर्मावर ढकलणारे चुकतात, असं स्पष्ट सांगितलं. मी ते मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे धुळीमुळंच." त्या आता नाकातोंडाला फडकं बांधून बसतात.

त्या मुलाचं उत्तर राहिलं होतं. त्याला सांगायला माझ्याकडे अंगुत्तर निकायातलं एक सुत्त होतं, लोणफल म्हणजे मिठाच्या खड्याचं. तिथं बुद्ध म्हणतात, जसं केलं तसंच हुबेहूब भोगावं लागतं असं मानलं तर दुःख संपवायला वावच उरत नाही. याच सुत्तात अर्ध्या कार्षापणासाठी, म्हणजे त्या काळच्या अर्ध्या नाण्यासाठी, गरीब तुरुंगात जातो आणि श्रीमंत जात नाही अशी उपमा आहे. ती मला खटकते, आणि मुलाला मी ती सांगितली नाही. पुढच्या रविवारी विहारातच एक वाटी आणि पाण्याची घागर घेतली. खडेमिठाचा एक खडा वाटीत विरघळवला, तसाच दुसरा घागरीत. त्यानं वाटीतलं पाणी चाखलं आणि तोंड वाकडं केलं. मग घागरीतलं चाखलं.

"ह्यात लागतच नाही, बाई."

"मीठ तेवढंच टाकलंय."

तो बराच वेळ घागरीत बघत राहिला. मग आईकडे वळून म्हणाला, "आपल्या बाबांचं पाणी किती होतं?"

त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. ती आधी काही बोलली नाही. मग तिनं सांगायला सुरुवात केली, की लॉकडाउनमध्ये माग बंद पडले तेव्हा शेजारच्या खोलीतल्या दोन बिहारी पोरांना घरमालक बाहेर काढत होता आणि बाबांनी त्यांना आपल्या पत्र्याच्या खोलीत दीड महिना ठेवून घेतलं होतं, ज्वारी संपली तेव्हा उधारीवर आणली होती. मुलगा म्हणाला, हे मला माहीतच नव्हतं. ती म्हणाली, तू लहान होतास, अजून आहे, ऐक.